सत्त्याण्णव टक्के लक्ष

गणिताच्या बाईंना अभ्यासदौऱ्यावर न्यायचं हेडसरांनी ठरवलं, ते काही त्यांच्या हुशारीपायी नव्हे. बाई हुशार होत्याच, त्यात वादच नाही. पंचवीस वर्षांत फळ्यावर एक आकडा चुकवला नव्हता त्यांनी. पण या खेपेचं कारण वेगळं होतं. बाईंची धाकटी बहीण जाऊन पाच आठवडे झाले होते आणि बाई पाचव्या दिवसापासून शाळेत येत होत्या. वेळेवर यायच्या, तास घ्यायच्या, वह्या तपासायच्या, घरी जायच्या. डोळ्यांतून टिपूस नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी त्याचीच धास्ती घेतली होती. "एकदा रडून मोकळ्या झाल्या असत्या तर बरं झालं असतं," असं जो तो म्हणायचा आणि बाई आत आल्या की जो तो चहाच्या कपात तोंड घालायचा.

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," हेडसर म्हणाले. "चला आमच्याबरोबर. तेवढाच हवापालट होईल."

"बरं," बाई म्हणाल्या. हल्ली त्या कशालाही बरंच म्हणत.

दौरा कशाचा? तर शाळांमध्ये आणि कारखान्यांमध्ये नवी यंत्रं कशी वापरतात ते डोळ्यांनी बघून यायचं. ऐकायला बरं वाटतं. खरी गोम पुढे होती. त्यांच्या भागातल्या दोन शाळांपैकी एक बंद करून दुसरीत मिसळून टाकायची, असं वर ठरलं होतं. ज्या शाळेत वर्गात लक्ष मोजणारं यंत्र बसेल ती आदर्श शाळा, आणि आदर्श शाळेला कोण हात लावणार? यंत्र फुकट मिळणार होतं. फक्त दौऱ्याच्या शेवटी एका कागदावर तिघांनी सह्या करायच्या होत्या: मुख्याध्यापक, एक शास्त्राचा शिक्षक आणि जिच्या वर्गात ते पहिल्यांदा लागणार ती शिक्षिका. तिन्ही सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तरी अर्ज बाद. पहिला वर्ग ठरला होता आठवीचा, म्हणजे बाईंचाच. हेडसरांना त्याची फिकीर नव्हती. बाई सध्या कशालाच नाही म्हणत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता हो, पण शाळा वाचवायची म्हटल्यावर माणूस आडाखे बांधतोच.

पहिल्या दिवशी शाळा बघितली. काय ती शाळा! फरशीवर चालायला जीव धजेना, इतकी स्वच्छ. भिंतींच्या जागी काचा. दाखवायला आलेली मुलगी विशी-पंचविशीची, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आणि प्रत्येक चौथ्या वाक्याला "पुढे बघू या" म्हणायची सवय. तिचं नाव तिने सांगितलं होतं, पण शास्त्राच्या सरांनी अर्ध्या तासात तिचं बारसं करून टाकलं होतं: पुढेबघूया.

शास्त्राचे सर म्हणजे प्रश्नांचं पोतं. दार आपोआप उघडलं की ते मागे जाऊन पुन्हा पुढे येत. "याला कळतं कसं?" दिवा आपोआप लागला की तेच. हेडसर त्यांच्या बाहीला धरून ओढत.

वर्गात फळ्याच्या वर शर्टाच्या गुंडीएवढे तीन कॅमेरे होते. शिक्षकाच्या टेबलावर एक पडदा, त्यावर प्रत्येक बाकाचा एक ठिपका. हिरवा म्हणजे लक्ष आहे, पिवळा म्हणजे डळमळतंय, तांबडा म्हणजे साहेब वर्गात नाहीत.

"डोळे कुठे आहेत, मान किती कललीय, पापणी किती वेळा लवते, सगळं यंत्र बघतं," पुढेबघूया म्हणाली. "शिक्षकाला आता चेहरे बघत बसायची गरज नाही."

"अरे वा," हेडसर म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं.

मग पाहुण्यांनाच विद्यार्थी म्हणून बसवलं. निरनिराळ्या शाळांमधून आलेली वीसेक माणसं, पन्नाशीची, चाळिशीची, छोट्या बाकांवर गुडघे दुमडून बसली. एका शिक्षकाने लोखंड कसं गंजतं यावर वीस मिनिटं शिकवलं. शास्त्राच्या सरांनी तेवढ्यात सात प्रश्न विचारले, मान वर करून कॅमेरे बघितले, मागे वळून तारा कुठून गेल्यात ते बघितलं, मधेच खिशातला कागद काढून गंजाचं काहीतरी लिहूनही घेतलं. हेडसर अधूनमधून मांडीवरच्या फोनकडे बघत होते. आणि बाई? बाई बसल्या होत्या. समोर फळ्याच्या चौकटीला एक खिळा होता, त्याच्याकडे बघत. हात मांडीवर, मान ताठ. त्या वीस मिनिटांतला एक शब्द बाईंना सांगता आला नसता. लोखंड गंजतं की वितळतं, कशाचा पत्ता नव्हता.

निकाल मोठ्या पडद्यावर आला. शास्त्राचे सर शेवटून पहिले, एक्केचाळीस टक्के. हेडसर एकोणसत्तर. आणि सगळ्यांत वर गणिताच्या बाई. सत्त्याण्णव.

टाळ्या पडल्या. पुढेबघूया म्हणाली, या वर्षात पाहुण्यांपैकी एवढे कोणीच मिळवले नव्हते. कोणीतरी फोटो काढला. शास्त्राचे सर बाईंच्या कानाशी आले. "बाई, तुम्ही तर मला गारद केलंत. मला गंजाची पाच कारणं पाठ झाली आणि मी ढ!" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले.

बाईंना हसू आलं नाही. रागही आला नाही. पाच आठवडे आत सगळं बधिर होतं, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय होतो तसं, आणि त्या आकड्याने तिथे पहिली मुंगी आली. सत्त्याण्णव. यंत्राने अगदी बरोबर पकडलं होतं, फक्त जे पकडलं ते लक्ष नव्हतं. बाईंना ते कळलं, कारण ही असली बैठक त्यांनी आधी एकदा मारली होती. घरी, जेवणाच्या टेबलावर, धाकटीसमोर.

दोघी बहिणी बावीस वर्षं एका घरात राहिल्या. लग्न दोघींनीही केलं नाही. का नाही केलं, हे लोकांनी विचारून विचारून सोडून दिलं होतं. धाकटी शिवणकाम करायची, घर तिच्या बडबडीवर चालायचं. गिऱ्हाइकाची कंबर, शेजारणीची सून, दुधाची पिशवी, सगळं ती सांगायची आणि ताई हं म्हणायची. त्या संध्याकाळी बाईंच्या डोक्यात परीक्षेतला तिसरा प्रश्न होता. अर्ध्या वर्गाने तिथे एकच चूक केली होती, आणि ती चूक मुळात आली कुठून हे त्या शोधत होत्या. धाकटी समोर येऊन बसली आणि बोलायला लागली. बाईंनी पेन खाली ठेवलं, तिच्या तोंडाकडे बघितलं. जिथे मान हलवायची तिथे हलवली, जिथे हं म्हणायचं तिथे म्हटलं. पाच-सात मिनिटं. बाईंच्या कानावर एक अक्षर गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी मोरीच्या दारात कोसळली, ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, पायातली गुठळी छातीत गेली. "आधी पाय सुजला होता का? दुखतो वगैरे काही म्हणाल्या होत्या?"

"नाही," बाई म्हणाल्या होत्या. "काहीच नाही. अचानकच झालं."

मग जो भेटेल त्याला तेच सांगितलं. अचानक झालं. लोकही म्हणाले, हो ना, अचानक. इतक्या वेळा सांगितलं की आता तोंड आपोआप सांगायचं.

दौऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना. औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवायचा. पायात कापडी पिशव्या, डोक्याला टोपी, बोलायचं ते हळू. एका लांब खोलीत पट्ट्यावरून बाटल्या सरकत होत्या आणि दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. बाटलीत बारीक तडा दिसला तर उचलायची आणि बाजूच्या पेटीत टाकायची, एवढंच काम. प्रत्येकीसमोर तोच गुंडीएवढा कॅमेरा, आणि भिंतीवर टक्क्यांच्या यादीचा पडदा.

"या बघा आमच्या पहिल्या नंबरच्या," पुढेबघूयाने एका चाळिशीच्या बाईकडे बोट दाखवलं. "आठ महिने पंच्याण्णवच्या खाली नाहीत."

गणिताच्या बाई त्या बाईकडे बघत राहिल्या. ती बाटल्यांकडे बघत होती. तिची नजर बाटली येईल तिथे स्थिर होती, बाटली गेली तरी तिथेच होती.

"आणि त्या तडे गेलेल्या बाटल्या किती पकडतात?" बाईंनी विचारलं.

दौऱ्यातला हा त्यांचा पहिलाच प्रश्न. हेडसरांनी चमकून बघितलं.

"तो आकडा दुसऱ्या विभागाकडे असतो," पुढेबघूया म्हणाली. "पुढे बघू या."

ती पुढे गेली, पण पट्ट्यावरचा मुकादम मागे राहिला. निवृत्तीला आलेला माणूस, त्याला कोणाची भीडभाड उरली नव्हती. तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बाई. हिच्याकडून डझनभर सुटतात रोज. ती पलीकडे बसलीय ना, गुणगुणतेय ती, इकडेतिकडे बघत असते, यादीत कायम तांबडी. तिच्या हातून एक सुटली तर मी मिशी उतरवीन. पण वर यादी जाते, बाटल्या जात नाहीत."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, तुमचं लक्ष नसेल."

चहाच्या सुट्टीत हात धुवायच्या जागेवर ती पहिल्या नंबरची बाई भेटली. शेजारच्या नळाशी उभी होती. गणिताच्या बाई एरवी परक्या माणसाशी आपणहून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"पंच्याण्णव कसे मिळवता हो?" बाईंनी विचारलं.

"काही करावं लागत नाही," ती म्हणाली. "समोर बघायचं. मन कशात घालायचं नाही. यंत्राला तेच आवडतं."

"घरी कोण असतं?"

"आता कोणी नाही." ती हात झटकत म्हणाली. मग बाईंच्या चेहऱ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तुमच्याकडचं कोण गेलं?"

"बहीण."

तिने मान डोलावली. कशी, कधी, काही विचारलं नाही. वाहता नळ बंद केला आणि ती पट्ट्याकडे गेली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच बाईंनी कोणाला अचानक झालं असं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सह्या. ते उतरले होते तिथल्याच एका खोलीत तिघं बसले. मोठं टेबल, पाण्याच्या तीन बाटल्या, मधे तो कागद. पुढेबघूया अर्ध्या तासाने घ्यायला येणार होती. हेडसरांनी सही ठोकली. शास्त्राच्या सरांनी कागद दोनदा वाचला, डोकं खाजवलं, "यंत्र बाकी बनवलंय झकास, फक्त मला ते ढ म्हणतं," असं ते पुटपुटले आणि शाळेसाठी म्हणून त्यांनीही सही केली. कागद बाईंकडे सरकला.

बाईंनी आपल्या नावापुढच्या मोकळ्या जागेत एक आडवी रेघ मारली. पट्टी न घेता. खाली लिहिलं, 'माझी संमती नाही.'

हेडसरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज त्यांनी सांभाळला. "बाई," ते समजुतीने म्हणाले, "तुमच्यावर काय प्रसंग आलाय हे आम्हाला दिसत नाही का? सध्या तुमचं कशात लक्ष नाही. अशा वेळी माणसाने असे निर्णय घेऊ नयेत. आपण दुसरा कागद मागवू."

"माझं लक्ष नाही?"

"नाही. खरं सांगू का, गेला महिना दीड महिना तुम्ही कुठे असता हे आम्हाला कोणालाच कळत नाही."

"मग ते सत्त्याण्णव?" बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, ना चढा ना पडका. "यंत्र खरं असेल तर या खोलीत सगळ्यात जास्त मला कळलंय आणि तुम्ही माझं ऐकायला हवं. आणि मला काही कळत नाही हे तुमचं खरं असेल, तर यंत्र खोटं आहे. दोन्हीकडून उत्तर एकच येतं, सर. सही होत नाही."

शास्त्राचे सर एकदम सरळ बसले. "च्यायला," ते म्हणाले आणि मग, "माफ करा, पण हे बिनतोड आहे."

"बिनतोड गेलं खड्ड्यात," हेडसर आता चिडले. "शाळा जाईल, बाई. चौदा माणसं आहेत आपण. तीनशे पोरं रस्ता ओलांडून दोन मैल जातील. एका यंत्रासाठी? लावून ठेवू भिंतीला, बघू नका त्याच्याकडे. कोण सक्ती करतंय?"

"बघेन ना मी," बाई म्हणाल्या. "मी मला ओळखते. माझ्यासमोर चाळीस ठिपके हिरवे असले तर मी पोरांकडे कशाला बघेन? मी फळ्याकडे वळेन. मला तेच बरं वाटतं. पहिल्यापासून. आणि त्यातलं एखादं पोर नुसतंच बसलेलं असेल. माझ्यासारखं."

 बाहेर कोणीतरी व्हरांडा झाडत होतं. बाईंनी कागदावरची रेघ बघितली. थोडी वाकडी आली होती. ती तशीच राहू दिली त्यांनी.

"धाकटी अचानक गेली नाही," त्या म्हणाल्या.

हेडसरांनी मान वर केली.

"दोन दिवस आधी ती माझ्यासमोर बसून सांगत होती. पाच-सात मिनिटं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, सर. पेन खाली ठेवून. पापणीसुद्धा लवली नसेल माझी. हं, हं करत होते. त्या दिवशी यंत्र असतं तर शंभर दिले असते मला. डॉक्टरांनी विचारलं, काही म्हणाल्या होत्या का, आणि मी नाही म्हटलं. लाज वाटली म्हणून नाही म्हटलं. मग सगळ्यांना तेच सांगत सुटले."

शास्त्राचे सर टेबलाकडे बघत होते.  हेडसरांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. त्यांच्या तोंडावरचा राग गेला होता, शाळेची काळजीही गेली होती. त्यांनी समोरचा कागद बाजूला केला, आणि आपल्या घरातल्या माणसाला विचारावं तसं हळू विचारलं, "काय म्हणत होती हो ती?"

  पाच आठवडे हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि बाईंनी स्वतःलाही विचारू दिला नव्हता.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पायाचं असेल. पायाचंच असणार. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं, कारण ती उठली होती आणि खुर्ची वाजली. ती म्हणाली, मग काय करू मी, ताई?"

"आणि?"

"मी म्हटलं, बघ तुला कसं जमतं ते."

एवढं बोलून बाईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली, आणि त्या रडायला लागल्या.